मागच्या दाराची खोली

अण्णा, तुम्ही गेल्यावर तुमच्या जागी मी अनुकंपा तत्त्वावर नोकरीला लागले, त्याला आता सोळा वर्षं होतील. नगरपरिषदेच्या बांधकाम विभागात तुमचंच टेबल मला मिळालं आणि माणसंही त्याच तऱ्हेची येतात. नकाशात मागच्या खोलीवर 'स्टोअर' लिहायचं आणि तिथं बिऱ्हाड ठेवायचं, ही रीत काही बदललेली नाही. असा नकाशा आला की तुम्ही त्यावर बोट ठेवून विचारायचात, "ह्या स्टोअरला मोरी कशाला? ज्वारी आंघोळ करती व्हय?" माणूस तोंडावर हसायचा आणि मनातून चरफडायचा. शेजारच्या काकांचा जिना तुम्ही हातभर तोडायला लावलात, तेव्हापासून त्यांच्या घरचा संक्रांतीचा तिळगूळसुद्धा बंद झाला. आई वैतागून म्हणायची, "ती मापाची टेप हापिसात ठिवून येत जावा."

असे तुम्ही, आणि मी सासर सोडून, लेकीला कडेवर घेऊन मुरूमहून आले, त्याच पंधरवड्यात परसात विटा रचायला लागलात. परवानगी नाही, काही नाही. सुट्टीचा दिवस आहे, तुम्ही डोक्याला टॉवेल बांधून ओळंबा धरलाय, आई भिंतीवर पाणी मारतेय आणि मी स्वयंपाकघराच्या खिडकीतून बघतेय. खोलीचं दार तुम्ही मागच्या बोळात काढलंत. ते बघून माझं डोकं फिरलं. पाहुण्यारावळ्यांच्या नजरेला पडू नये म्हणून मला मागच्या दारी टाकताय, असं मी बाहेर येऊन तोंडावर म्हणाले. तुम्ही थापी खाली ठेवलीत. "येड्यावानी बोलू नको. पुढच्या दारानं ये-जा केलीस तर रोज कुणी ना कुणी इचारील, परत कधी जायची म्हून. हे दार तुझं हाय. ह्याची किल्ली फकस्त तुझ्यापाशी." मी तशीच आत वळले. मला रडू फुटलं होतं आणि ते तुम्हाला दिसू द्यायचं नव्हतं.

परवा एका तक्रारीवरून पंचनाम्याला गेले. एका म्हातारबाबांनी परसात पत्र्याची खोली उठवलेली. आत त्यांची सासरहून परत आलेली मुलगी राहते, शिवणकाम करते. बाबा म्हणाले, "पत्र्याचंच तर हाय, बाई. ते बांधकामात कुठं धरत्यात? स्टोअर लिवा की." मुलगी नुसती माझ्या हातातल्या टेपकडं बघत होती. हद्दीपासून जेवढी जागा मोकळी सोडायची, तिच्यात दीड फूट कमी भरलं. स्टोअर लिहिलं असतं तर आजचं भागलं असतं, पण पुढच्या तक्रारीला अख्खी खोली गेली असती. मी 'राहती खोली' लिहिलं, नोटीस दिली आणि तिथंच बसून त्यांचा अर्जही लिहून दिला, की भिंत दीड फूट आत घेतो, बाकीची खोली दंड भरून कायम करावी. मुलीनं एवढंच विचारलं, "दार ऱ्हाईल का, मॅडम?" राहील, म्हटलं.

त्यात माझी हुशारी काही नाही. तो अर्ज तुमचा आहे. नोकरीच्या पहिल्याच वर्षी मला तो जुन्या फायलींत सापडला. तुम्ही आपल्याच घराचा नकाशा काढून दिला होता. मागच्या खोलीवर स्टोअर नाही, कोठी नाही, चांगल्या वळणदार अक्षरात 'मुलीची खोली' लिहिलेलं. खाली लेखी कबुली, भिंत दोन फूट आत घेतो, आणि सही. सगळ्या गावाला टेप लावणारा माणूस कुणी तक्रार करायच्या आधी स्वतःच कागद घेऊन उभा राहिला होता, आणि मला घरात अवाक्षरानं कळू दिलं नाही. अर्ज दिल्यावर दोन महिन्यांत तुम्ही गेलात आणि भिंत तशीच राहिली. तो कागद सापडला त्या दिवशी मी ऑफिसात सगळ्यांसमोर रडले, अण्णा.

तुमची नात आता धाराशिवला कॉलेजात आहे. खोलीत मी एकटीच असते. लोकांना मी भिंत पाडायला महिन्याभराची मुदत देते आणि वर दोन शहाणपणाच्या गोष्टी ऐकवते. हे पत्र तुमच्यापर्यंत पोचायचं नाही, म्हणूनच कबूल करते. आपली फाईल अजून माझ्याच कपाटात तळाला आहे. गवंड्याला दोनदा बोलावलं आणि दोन्ही वेळा चहा पाजून परत पाठवलं. तुमच्या हातची भिंत आहे. मला ती पाडवत नाही.