दोघींचं पाणी

११ नोव्हेंबर, मंगळवार

दोघी रडल्या! बास. आजच्यापुरतं एवढंच मागितलं होतं.

सेवाचं बाळंतपण पावणेदोन महिने आधीच उरकलं. सिझर. जुळ्या मुली. माझी लेक शुद्धीवर आली ती पहिलं काय विचारते — "बाबा, दुकान कुणावर टाकून आलात?" म्हणजे ठीक आहे.

नाती मात्र ओंजळीएवढ्या. लगेच नवजात विभागात नेल्या. थोरली जरा तरी बरी, धाकटी अगदीच किरकोळ. आत गर्दी एवढी की दोघींना ऊब द्यायच्या एकाच वॉर्मरवर ठेवलंय. मी तोंड उघडायच्या आत रुबीना सिस्टर म्हणाली, "पोटात एकत्रच होत्या ना काका? मग राहू द्या की."

१२ नोव्हेंबर

आत कुणाला सोडत नाहीत. मी दाराबाहेरच्या बाकड्यावर.

उभा जन्म लोकांच्या पंपाच्या जळालेल्या मोटारींत नवी तार भरण्यात गेला, त्यामुळे डोळ्यांपेक्षा कानाचा भरवसा जास्त. दुपारपर्यंत दोघींचे आवाज वेगळे पडले. थोरली खरखरते — बोअरचं पाणी तुटावं आणि मोटार कोरडी फिरावी तशी. धाकटी बारीक. तीन आचके देते आणि गप्प. ते गप्प होणं ऐकवत नाही.

१३ नोव्हेंबर

आज घरचं भांडण दवाखान्याच्या पायऱ्यांवर.

करुणानं — म्हणजे आमच्या हिनं — सकाळीच सांगितलं, पोरींना पाणी लावायचं. पाळकसाहेब रविवारपर्यंत गावात नाहीत. पण जीवावर बेतलं असेल तर कुणीही विश्वासी माणसानं बाप्तिस्मा द्यावा, असं आमच्याकडं पूर्वीपासून आहे.

जावयांना कसं पटणार! रणजीतराव लग्नापर्यंत आमच्यासारखेच होते, लहानपणी शिंपडलेले. मग पुसेगावकडच्या दुसऱ्या पंथाच्या मंडळीत जायला लागले आणि एका शेततळ्यात पुन्हा बुडून आले. तेव्हापासून आम्ही शिंपडणारे, ते बुडवणारे. मी चिडवतो — "रणजीतराव, पोरगी दिली तेव्हा कोरडे होते तुमी!" ते हसतात. माणूस चांगला आहे. आज नाही हसले.

"मामी, राग धरू नका. बाप्तिस्मा विश्वास ठेवणाऱ्याचा असतो. लेकराला काय कळून राहिलं? मोठ्या झाल्या की त्यांचं त्या ठरवतील."

"अन् मोठ्या झाल्याच न्हाई तर?"

करुणाच्या आईचं एक लेकरू बिनबाप्तिस्म्याचं गेलं होतं. त्या वेळच्या पाळकांनी त्याच्या मातीला चर्चची घंटा वाजवू दिली नाही. सासूबाई मरेपर्यंत विचारत राहिल्या, माझं पोरगं कुठं असंल गं? ते ऐकत करुणा मोठी झाली. तिला जावयाचं शास्त्र काय सांगणार?

१४ नोव्हेंबर

झालं. आणि झालं नाही.

सेवाला अजून चालवत नाही, म्हणून तिचं दूध घेऊन करुणाला आत सोडलं. तिनं पदराआड डोळ्यात औषध घालायची छोटी बाटली नेली होती, पाण्यानं भरून. फरशी पुसणाऱ्या मावशींनी दार अर्धं उघडं ठेवलं होतं. दिसत काही नव्हतं. ऐकत होतो.

करुणाची कुजबूज — "एस्तेर, मी तुला पित्याच्या, पुत्राच्या आणि पवित्र आत्म्याच्या नावानं..." गार थेंब पडला असणार. खरखर रडणं. थोरली.

तेवढ्यात रुबीना सिस्टरचा आवाज, "सरका आजी, वजन करायचंय." दोघींना उचललं. काटा वाजला, पुन्हा वाजला. परत ठेवलं. सिस्टर लांब गेली तशी पुन्हा कुजबूज — "रूथ, मी तुला..."

पुन्हा खरखर!

तीच. दोन्ही वेळी थोरलीच! वजन करून ठेवताना जागा बदलल्या असणार. सारखी दुपटी, सारख्या टोप्या. करुणानं डावी थोरली, उजवी धाकटी असं धरून ठेवलेलं. एकाच पोरीला दोन बाप्तिस्मे आणि दोन नावं. धाकटी कोरडी.

करुणा बाहेर आली. तोंडावर असं ऊन पडलेलं मी कित्येक वर्षांत पाहिलं नव्हतं. "दोघींचं झालं हो. आता काहीही होऊ दे."

मी म्हटलं, "बरं झालं." दुसरं काय म्हणणार?

१६ नोव्हेंबर, रविवार

उपासनेनंतर पाळकसाहेबांना गाठलं. आडून विचारलं — समजा, एखाद्याचा चुकून दोनदा झाला तर?

"दुसऱ्यांदा लागत न्हाई. एकदा झाला तो झाला. कुणाचा?"

"एका गिऱ्हाइकाचा."

"तुमची गिऱ्हाइकं मोटारीबरोबर हे बी घेऊन येऊन राहिली का?"

मी खोकलो. मग विचारलं — आणि राहूनच गेला, लेकरूही राहिलं नाही, तर?

ते हसायचे थांबले. खुर्ची ओढून जवळ बसले. म्हणाले, "पाणी लावायची आज्ञा आपल्याला आहे, जगनराव. देवाला न्हाई. त्याचं पाण्यावाचून अडत न्हाई."

"मग जुन्या पाळकांनी घंटा काहून वाजवू दिली न्हाई?"

"ते पाळक होते. देव नव्हते."

निम्मं ओझं उतरलं. निम्मं नाही. करुणाला सांगावं का? सांगितलं तर पुन्हा बाटली भरेल. किंवा मोडून पडेल.

१८ नोव्हेंबर

धाकटीला जंतूंची लागण. डॉक्टर म्हणाले, आजचा दिवस महत्त्वाचा. आजी-आजोबा बंद, फक्त आई-बाप आत. सेवाचे टाके चिघळलेले, ती खाटेवरच.

सगळ्यांत निवांत कोण, तर करुणा. बाकड्यावर डोळे मिटून प्रार्थना करते. तिच्या हिशेबी पोरगी कुठंही गेली तरी घरीच जाणार. आणि मी शेजारी, सत्य गिळून!

आता आत जाऊन पाणी लावू शकणारा एकच माणूस, आणि तोच लावणार नाही. रणजीतरावांना जिन्याखाली नेलं. "लावा" म्हणायचं होतं. तोंडून आलं भलतंच.

"रणजीतराव, तुमच्या मंडळीत काय सांगतात? लेकरू असंच गेलं तर?"

त्यांचे डोळे लाल. पण बोलले ठाम. "मामा, प्रभूनं लेकरं जवळ घेतली तवा कुणाला विचारलं, ओलं की कोरडं? जे अजून बोललंच न्हाई, त्याच्यावर देव कोणता गुन्हा दाखल करंल? ती त्याचीच आहे. आधीपासूनच."

एवढ्या वर्षांत मी या माणसाशी दर वादात जिंकलोय. आज पहिल्यांदा वाटलं, याचंच खरं निघो. आणि वाटता वाटता पटलंही. पाळकसाहेबांनी निम्मं उतरवलं होतं, उरलेलं या बुडवणाऱ्यानं उतरवलं. लावा म्हटलंच नाही. गरजच वाटेना. म्हटलं, "जा आत. लेकीजवळ बसा."

करुणाशेजारी येऊन बसलो. तीही निवांत, मीही निवांत. कारणं वेगळी!

१९ नोव्हेंबर

दूध पचलं. ताप उतरला. दुपारी धाकटी रडली — तीन आचके, चौथा, पाचवा, थांबेचना! रुबीना सिस्टर बाहेर येऊन म्हणाली, "काका, आता हिला गप्प कसं करायचं ते सांगा."

५ डिसेंबर

घरी आणल्या. रिक्षातून उतरताना दोघी झोपलेल्या. करुणानं रस्ताभर पेढे वाटले, रिक्षावाल्याला दोनदा.

बाटलीचं करुणानं माझ्याशिवाय कुणाला सांगितलं नाही, नुसती नावं सुचवली. सेवाला आवडली. करुणा एस्तेर म्हणते थोरलीला, रूथ म्हणते धाकटीला. जावईसुद्धा चालेल म्हणाले, नावाला पाणी लागत नाही म्हणे. मी गप्प. गप्प राहणं एवढं सोपं असतं, माहीत नव्हतं.

७ डिसेंबर, रविवार

दुपारी बायका आत, मी आणि रणजीतराव ओसरीवर. बराच वेळ नखं कुरतडत होते. मग म्हणाले, "मामा, एक सांगतो. मंडळीत बोलू नका. घरात बी."

"बोला."

"त्या दिवशी तुमाला एवढं बोलून आत गेलो. पोरगी निळी पडली होती. सगळी वचनं पाठ, पण एक बी आठवंना. नुकते हात धुतले होते, ओलेच होते. तसंच बोट तिच्या कपाळाला लावलं. पिता, पुत्र, पवित्र आत्मा... म्हणून टाकलं. कसं झालं, कळलं न्हाई."

मी उठून आतलं दार लोटून घेतलं.

"ते झालं ते झालं. देव अन् मी बघून घेऊ," ते म्हणाले. "पण तकलीफ वेगळीच होऊन राहिली. एकीला लावलं, अन् थोरली तशीच कोरडी राहिली. बाप असून दोघींत फरक केला की हो मी!"

मला हसू आवरेना. टॉवेल तोंडात कोंबला, तरी आवरेना. आतून करुणा ओरडली, "अहो, पोरी उठतील!"

जावई घाबरले. "मामा, हसता काहून?"