पाटीमागचा कोश

चिंचवड,
रविवार, २ सप्टेंबर १९५६

तीर्थस्वरूप सुमनताईस मुरारीचा साष्टांग नमस्कार.

तुझा गुडघा आणि भाऊजींचा खोकला यांची सविस्तर हकीकत कळवावी ('बरे आहे' एवढ्याला हकीकत म्हणत नाहीत). येथील प्रकरण अन्य मार्गाने तुझ्या कानी येण्यापूर्वी घटना क्रमाने नमूद करतो.

५ ऑगस्टला अंगणातील कढीलिंबाच्या कोवळ्या पानावर मोहरीएवढे पिवळसर अंडे आढळले. ९ रोजी त्यातून अळी निघाली. प्रथम ती पक्ष्याच्या विष्ठेसारखी दिसे (हे तिचे संरक्षण होय, अस्वच्छता नव्हे). पुढे चार वेळा कात टाकून ती बोटाएवढी, हिरवीगार झाली, आणि डिवचल्यास डोक्यामागून नारिंगी शिंगे काढून दुर्गंध सोडू लागली. अंडे, अळी, कोश व फुलपाखरू या चारही अवस्थांची प्रत्यक्ष पाहून केलेली नोंद आठवीच्या वर्गापुढे ठेवण्याचे मी जाहीर केले होते. पुस्तकातील चित्रावर भागवणाऱ्या शिक्षकांविषयीचे माझे मत तुला ठाऊक आहेच.

झाड सामाईक असल्याने साऱ्या चाळीच्या फोडण्या त्यावर चालतात. म्हणून 'पुढील सूचनेपर्यंत पाने तोडू नयेत' अशी पाटी मी कुंपणाला टांगली. तरीही २३ रोजी अळी नाहीशी झाली, आणि त्याच सकाळी शेजारच्या पुतळाबाईंच्या हाती मी कढीलिंबाची डहाळी पाहिली. (गेल्या दिवाळीत तू ज्यांच्याशी तासन्‌तास बोलत बसलीस, त्याच. यजमान गेनबा पिंपरीच्या कारखान्यात शिफ्टला जातात. माझा दोन वेळचा डबा त्यांच्याकडूनच येतो, येत असे.) मी लेखी खुलासा मागवला. पुतळाबाईंना अक्षरओळख नाही, त्यांची चाकणहून येणारी माहेरची पत्रेही मीच वाचून दाखवतो; त्यामुळे ती नोटीसही त्यांच्या दारात उभे राहून मलाच वाचावी लागली. 'अळीची हत्या' येथपर्यंत त्यांनी शांतपणे ऐकले. मग म्हणाल्या, "मास्तर, ती पाटी कवा वाचून दावली व्हती मला? आन् तुमची अळी काय मी फोडनीत घातली म्हनता व्हय?" डहाळी चाकणहून भावाने आणलेली निघाली. त्या संध्याकाळपासून डबा बंद आहे. दहा दिवस मी पोहे व कच्चा कांदा यांवर काढले असून पोहे भिजवण्याचे प्रमाण अद्याप निश्चित झालेले नाही.

३० रोजी पुतळाबाईंनी "घ्या तुमची पाटी" म्हणत ती कुंपणावरून उतरवून माझ्यापुढे धरली. पाठीमागे, कमरेला रेशमी धाग्याचा पट्टा बांधून, कोश! पूर्ण वाढलेली अळी कोशासाठी बहुधा झाड सोडून दूर जाते, हे मी अकरा वर्षे शिकवीत आलो आहे. झाड, कुंपण, चाळीतील चुली, सर्व तपासले होते. स्वतःची पाटी तपासण्याचे प्रयोजन नव्हते. गेनबा म्हणाले, "तुमची पाटी मानली ती एकट्या अळीनंच बगा, मास्तर." (विनोद सामान्य आहे.) पुतळाबाईंनी मात्र कोश दर्शनी बाजूस येईल अशी पाटी पुन्हा अलगद टांगली.

माझ्या गणिताने फुलपाखरू उद्या, सोमवारी सकाळी बाहेर येईल. घड्याळ, भिंग व वही सज्ज आहेत.

तुझा
मुरारी (बी.एस्सी., बी.टी.)

ता. क. मूळ विषय राहिला. माझ्या वतीने दिलगिरी व्यक्त करणारे एक पत्र तू पुतळाबाईंना पाठवावेस. लेखी नोटिशीनंतर मी तोंडी दिलगिरी व्यक्त करणे नियमास धरून होणार नाही. ते पत्र त्यांना मलाच वाचून दाखवावे लागेल, याचे भान ठेवावे. 'चुकला' हा शब्द एकदाच यावा व माझ्या लहानपणाचे दाखले नकोत.

आणखी एक ता. क. वरील मजकूर लिहीत असता अंगणात बायकांचा गलका झाला आणि पुतळाबाईंनी "मास्तर, पळा, पळा!" अशी हाक मारली. मी ते भांडण समजून खिडकी लावून घेतली. फुलपाखरू आजच निघाले. ओले, चुरगळलेले पंख कसे पसरले, उडेपर्यंत किती वेळ गेला, हे साऱ्या चाळीने पाहिले. माझ्या वहीतील चौथे पान कोरे आहे. पुतळाबाईंना विचारले असता त्या म्हणाल्या, "समदं पायलंय मी, पार उडस्तवर. पर आसं तोंडी न्हाई सांगायची. लेखी इचारा."

तरी 'चुकला' हा शब्द आवश्यक तितक्या वेळा घालावा. लहानपणाचे दाखलेही चालतील. उत्तर लेखी आणि परतीच्या टपालाने हवे.