दोन सह्यांचं वॉलेट

भुकूम,
रविवार, ९ फेब्रुवारी २०२५

चि. किशोर,

ताईचे आशीर्वाद. आम्ही इकडे बरे आहोत. तुझ्या दाजींचा खोकला आता गेलाय. तुझ्या पिंकीचे स्कॉलरशिपचे पेपर कसे गेले ते कळव. आईचे गुडघे कसे आहेत तेही तूच सांग, तिला विचारलं की ती नुसतं "बरं हाय" म्हणते.

तुमचं नांदे गाव काही लांब नाही, तरी कागदावर लिहितेय. फोन केला की तू स्पीकर लावतोस आणि सगळ्या भाडेकरूंना ऐकू जातं. मेसेज केला तर अंगठा दाखवून मोकळा होतोस. हे पत्र बसून वाच, आणि शेवटपर्यंत वाच.

गुरुवारी तू मोठ्या कौतुकाने फोटो पाठवलास. बिटकॉइनचं वॉलेट उघडायचे तुझे बारा शब्द, छापलेले, लॅमिनेट केलेले, तीन प्रतींत, आणि प्रत्येकीवर 'सत्यप्रत' असा शिक्का. मी ऑफिसात मीटिंगमध्ये होते. ती अर्ध्यावर सोडून उठले. बाहेर येऊन फोन केला तर तू शांतपणे म्हणालास, "अगं, सातबाऱ्याच्या बी आपुन तीन झेराक्स काढून ठिवतो. एक हरवली तर दुसरी हाय." आणि दुकानात कागद कसा दिलास विचारलं तर, "कागद कशाला? त्येच्या व्हाट्सॅपला फोटो टाकला."

किशोर, किती वेळा सांगितलं होतं मी? ते बारा शब्द म्हणजे किल्ली. ज्याच्याकडे शब्द, त्याच्याकडे किल्ली. पेनाने कागदावर लिही, फोटो काढू नकोस, कुणाला दाखवू नकोस. तू "व्हय व्हय" करत राहिलास आणि थेट पौडच्या झेरॉक्सवाल्याकडे गेलास, जिथे अर्धा तालुका रांगेत उभा असतो. कपाळ बडवून घ्यायचं बाकी ठेवलंय मी.

या भानगडीत मला तूच ओढलंस. त्या इंजिनिअर भाडेकरूच्या नादाने तू खोल्यांच्या भाड्यातून बिटकॉइन घेत गेलास. ते ज्या कंपनीच्या ॲपमध्ये होते, तिने एक दिवस पैसे काढणंच बंद केलं, आणि ते सुरू होईपर्यंत तुला घास गेला नाही. तेव्हा तू माझ्या दारात आलास, "ताई, तू सॉफ्टवेअरमधी हायेस, चांगलं वॉलेट बघून दे."

मी आठवडे घालवून बघून दिलं. ओपन सोर्स. त्यावर तू काय म्हणालास? फुकट आहे म्हणजे माल हलका असणार. आणि कोड सगळ्यांना दिसतो तर चोरालाही दिसणार. मी तुला गावच्या भंडाऱ्याच्या स्वयंपाकाचं सांगितलं होतं. आचारी चुलाणावर सगळ्यांसमोर रांधतो, त्याने काय घातलं ते दहा जण बघतात, चुकलं तर तिथेच सांगतात. या वॉलेटचंही तसंच. बनवलं कसं ते जगाला माहीत असलं तरी चालतं, किल्ली तेवढी आपल्याकडे हवी. तुला ते पटलंही होतं.

आणि किल्ल्या तीन केल्या. तुझी, आईची, माझी. पैसे हलवायचे तर तिघांपैकी कुठल्याही दोघांच्या सह्या. आई तेव्हाच म्हणाली होती, हे पैसे घराचे आहेत, तिघांचे. म्हणून तर आज आपण वाचलोय. झेरॉक्सवाल्याकडे गेलेल्या तुझ्या एकट्या किल्लीने एक पैसा हलत नाही. पण ती किल्ली आता बाद. नवीन किल्ल्या करून सगळं त्या किल्ल्यांखाली हलवायला हवं, एवढंच मी सांगितलं होतं.

तर काल तुझा फोन. तू परस्पर नवीन वॉलेट निवडलंस. कशावरून, तर दिसायला छान आहे आणि लोकांनी भरपूर तारे दिलेत. त्याचा कोड कुणालाच बघायला मिळत नाही, आणि किल्ली कंपनी स्वतःकडेच ठेवते. म्हणजे ज्या खड्ड्यातून कसाबसा वर आलास त्याच्याच शेजारचा खड्डा. तो मुद्दा मी पुन्हा समजावला असता, घसा बसेपर्यंत. पण पुढे तू म्हणालास, "या बारीला नाव एकच ठिवू, माझं. दर टायमाला तुमच्या सह्या कुटं गोळा करत बसू? तू फक्त एकदा सही कर."

इथपर्यंत लिहून मी मघाशी उठले होते, चहा केला, भांडी घासली. लिहू की नको, असं चाललं होतं.

'फक्त एकदा सही कर' हे वाक्य मी आधी ऐकलंय. आपले अण्णा गेल्यावर, त्यांच्या जमिनीच्या हक्कसोडीच्या दिवशी, पौडच्या कचेरीबाहेर. सगळ्या बहिणी करतात तशी मीही सही केली. मग तू मला साडी घेतलीस, आपण मिसळ खाल्ली, आणि सातबाऱ्यावरून माझं नाव गेलं. त्याच जमिनीवर तुझ्या खोल्या उभ्या आहेत. मला जमीन हवी होती का, हे आज मलाही सांगता येणार नाही, कारण मला कुणी विचारलंच नाही. तू फक्त बोट ठेवून दाखवलंस, सही कुठे करायची ते. मला फार वाईट वाटलं होतं, किशोर. ती साडी मी अजून नेसलेली नाही.

आज सकाळी आईचा फोन आला. माझ्याआधी तू सही तिच्याकडे मागितली होतीस, हे तू मला सांगितलं नाहीस. तुझी आणि तिची सही पुरली असती, माझी गरजही नव्हती. ती म्हणाली, "रेश्मे, त्या टायमाला मी गप बसले. आता तुजं नाव माज्या हातनं न्हाई काडायची." मग ती रडली. मीही रडले. त्यानंतर हा कागद घेतला.

तर मी सही करणार नाही. पुढच्या रविवारी आईला घेऊन इकडे ये. तिघं बसू, याच वॉलेटच्या नवीन तीन किल्ल्या करू, आणि शब्द ज्याचे त्याने आपल्या हाताने लिहायचे. त्या सत्यप्रती कात्रीने बारीक करून टाक. राग येणार असेल तर येऊ दे. बहीण आडवी आली असं भावकी म्हणणार असेल तर म्हणू दे. जेवायला मात्र थांबायचं, तुझ्या आवडीचं मटण करीन.

खालची सही फक्त या पत्रापुरती आहे.

तुझी ताई,
रेश्मा