सरपंचबाईंची मुलाखत

बाई, तुम्ही गेलात त्याला इतकी वर्षं झाली की ज्याच्याशी तुमच्याविषयी दोन शब्द बोलावेत असं माणूस आता सांगलीतही सापडत नाही, आणि इथे तर तुम्हाला कुणी ओळखतच नव्हतं. तरी गेल्या महिन्यापासून मी मनातल्या मनात तुमच्याशीच भांडते आहे. भाजी निवडताना भांडते, एसटीत खिडकीशी बसून भांडते. म्हटलं, एकदा बसून लिहूनच काढावं.

मी अजून मुलाखतीच घेते. फलटणच्या पूर्वेला एका शिक्षणसंस्थेच्या आवारात छोटं सामुदायिक रेडिओ केंद्र आहे, आसपासच्या गावांपुरतं ऐकू जाणारं. एक खोली ध्वनिमुद्रणाची, तिच्या शेजारी आमच्या संचालकांची. दर आठवड्याला मी गावातल्या कुणाला तरी समोर बसवते आणि रस्ते, दवाखाना, शाळा, ग्रामसभा यांबद्दल विचारते. ऐकणारे बरेच आहेत. मेंढरं राखणारे मोबाइलवर लावून ऐकतात, बायका स्वयंपाक करताना ऐकतात. आणि मी अजून तसंच विचारते, जसं तुम्ही शिकवलंत. भांडण नेमकं त्यावरूनच आहे.

तुमचं सांगलीचं स्वयंपाकघर आठवतं. मी माधवनगरहून सायकल मारत आलेली, गिरणी कामगाराची पोर, आवाज बरा म्हणून तुम्ही तिथल्या रेडिओ केंद्रात हाताखाली घेतलेली. तुम्ही आमटी ढवळता आहात आणि मी लसूण सोलते आहे. तुमचे यजमान चहा मागायला आत येतात. नुकतेच निवृत्त झालेले. तुम्ही मला म्हणता, "घे यांची मुलाखत. निवृत्तीबद्दल विचार." मी घाईघाईनं विचारते, "आता अगदी निवांत वाटत असेल ना काका?" ते म्हणतात, "हो, हो." तुम्ही पळी आपटून हसता. "झाली मुलाखत! उत्तर तूच दिलंस, त्यांनी नुसती मान हलवली. अगं, विचारायचं आणि गप्प बसायचं. समोरचा अवघडला तरी गप्प. आपलं मत त्यात घालायचं नाही. तुला ऐकायला कुणी रेडिओ लावत नाही." मग तुम्ही त्यांच्याकडे वळून साधंच विचारलंत, "सकाळी उठल्यावर काय करता हो?" आणि थांबलात. आमटी उतू जायला आली तरी तुम्ही हलला नाहीत. काका बराच वेळ कपाकडे बघत राहिले, मग म्हणाले, "उठतो, आवरतो, आणि कुठे जायचं ते कळत नाही. हातात डबा नसतो ना." तेव्हा तुम्ही गॅस बंद केलात. त्या दिवशी निघताना तुम्ही मला ज्येष्ठमधाची डबी दिलीत, घशासाठी. मला वाटलं होतं, आता सगळं आलं मला.

गेल्या महिन्यात एका गावच्या सरपंचबाईंना बोलावलं. जागा महिलांसाठी राखीव, म्हणून त्या निवडून आलेल्या. घराणं पूर्वी मेंढपाळांचं, आता थोडी बाजरी, थोडी डाळिंबं. वय माझ्याहून बरंच कमी. सोबत त्यांचा नवरा. पांढराशुभ्र सदरा, खिशाला पेन. आत येताच तो माइकसमोरच्या खुर्चीत बसला आणि बायकोला भिंतीकडेचं स्टूल दाखवलं. मी म्हटलं, "दादा, मुलाखत सरपंचांची आहे." तो हसून म्हणाला, "आवं मॅडम, तिला काय कळतंय त्यातलं? कारभार समदा मीच बघतो. इचारा मला." शेवटी दोघांना शेजारी बसवून दोन माइक लावले. थेट प्रक्षेपण होतं, वाद घालत बसायला वेळ नव्हता.

घरपट्टीचं मी सरपंचबाईंना विचारते, उत्तर तो देतो. अंगणवाडीचं विचारते, तो देतो. "सरपंच, तुम्ही सांगा," म्हणते, की तो म्हणतो, "तिचं म्हणणं असं हाय..." काचेपलीकडे आमची तंत्रज्ञ मुलगी कपाळाला हात लावून बसलेली. शेवटी मी म्हटलं, "दादा, हा प्रश्न बायकांचा आहे, तो त्यांनाच सांगू दे. ताई, वस्तीवर नळाला पाणी आलं त्या दिवसाबद्दल सांगा." तोही खूश झाला. हे उत्तर घरी पाठ करून घेतलेलं होतं. म्हणाला, "हां, बोल की."

सरपंचबाई एका दमात बोलल्या, "पाणी आलं. सायबांच्या हातनं उद्घाटन झालं. समद्या बायास्नी लय आनंद झाला."

मी पुढचं काही विचारलं नाही. तुमचा नियम आठवला असं म्हणायला मला आवडलं असतं. खरं म्हणजे मी इतकी चिडले होते की मला शब्दच सुचेना. खोलीत पंख्याचा आवाज तेवढा. रेडिओवरची शांतता केवढी लांब वाटते ते तुम्हाला मी काय सांगू. सरपंचबाईंनी माझ्याकडे बघितलं, मग टेबलाकडे. आणि हळूच म्हणाल्या, "त्या दिशी आलं." त्यांनी माइक जवळ ओढला. "टाकी टँकरनं भरली व्हती, मॅडम. सायबांनी नळ सोडला, फोटू काढलं. सांजच्याला टाकी रिकामी. त्यापुढं थेंब न्हाई. आमी अजून टँकरच्याच मागं पळतोय."

"आगं ए, काय बोलतीस?" हे नवऱ्याचं वाक्यसुद्धा आसपासच्या सगळ्या गावांनी ऐकलं. मी आभार मानले आणि गाणं लावलं. आतून इतका आनंद झाला होता की काय सांगू. वाटलं, तुम्ही असतात तर आज गॅस बंद केला असतात.

तो आनंद दुपारपर्यंत टिकला. संध्याकाळचं पुनःप्रसारण संचालकांनी काढून टाकलं. मी त्यांच्या खोलीत गेले. वाईट माणूस नाही हो, पण घाबरट आहे. म्हणाले, "सामुदायिक रेडिओला बातम्या देता येत नाहीत, तुम्हाला माहीत आहे. परवाना जाईल."

"ही बातमी कशी, सर? त्या त्यांच्या गावाबद्दल बोलल्या."

"साहेबांचं नाव आलं ना त्यात."

"नाव कुठे? नुसतं साहेब म्हणाल्या."

"सगळ्यांना कळतं कोण ते."

पाणी आलं म्हटलं की तो कार्यक्रम, आणि आलं नाही म्हटलं की ती बातमी. हे वाक्य मला त्यांच्या तोंडावर फेकायला हवं होतं. सुचलं होतं, अगदी जिभेवर होतं. मी "बरं" म्हणाले आणि बाहेर आले. पुढच्या आठवड्यात माझ्या जागी वाळवणाच्या पदार्थांचा कार्यक्रम लागला. पापड चांगले झाले असं ऐकते.

न राहवून एका सकाळी मी त्या वस्तीवर गेले. टँकर नुकताच आलेला. पाइप, हंडे, प्लास्टिकचे ड्रम, बायकांचा गलका. त्यात सरपंचबाईही आपला ड्रम लावून उभ्या. मला बघून त्या बाजूला आल्या. डोक्यावरचा पदर नीट करत म्हणाल्या, "लय बोलणी खाल्ली मॅडम घरात. सासू तर अजून बोलत न्हाई."

"पाण्याचं काही झालं?"

"दोघं जण आले व्हते जीपमधनं. टाकी बघितली, च्या पिऊन गेले. सरपंचानं असं बोलायचं नसतं म्हनाले."

मी म्हटलं, "ताई, परत या. या वेळी अजून बायकांना घेऊन या. मी बोलवते." त्यांनी मान हलवली, नकाराची. आवाज चढवला नाही, उलट जरा समजुतीनंच बोलल्या. "मी बोलले की. आता किती येळा बोलू? तुमी काय बोललात त्यावर? तुमी नुसतं इचारता, आन् आमी बोलून घरी जातो. तुमचं बी काय म्हननं आसंल का न्हाई?" मागून कुणीतरी त्यांचा ड्रम भरल्याची हाक मारली आणि त्या पळाल्या.

परतीच्या एसटीत मला पहिल्यांदा तुमचा राग आला. आपलं मत घालायचं नाही, हे तुम्ही शिकवलंत. पण त्यांनी तोंड उघडल्यावर जे झालं त्याचं काय करायचं, हे नाही शिकवलंत. तुमच्या वेळी माणूस बोलला की ते निदान ऐकलं जायचं असं मला वाटतं, पण तेही खरं असेल का कोण जाणे. तुम्हीही कुणाच्या तरी खोलीतून "बरं" म्हणून बाहेर येत असाल आणि मला सांगत नसाल. मी इतकी वर्षं त्या नियमाच्या आडोशाला बसले. लोक म्हणतात, मॅडम कुणाची बाजू घेत नाहीत. मला त्याचा अभिमान वाटायचा. त्या बाईंच्या सासूनं बोलणं टाकलं, नवऱ्यानं घर डोक्यावर घेतलं, आणि माझं काय गेलं? एका आठवड्याचा कार्यक्रम. तोही आता परत सुरू झाला आहे. परवा शेळीपालनावर बोलायला एक गृहस्थ येऊन गेले, छान बोलले. वस्तीवर अजून टँकरच जातो.

वाचून बघितलं, तर तुमच्यावर इतकं चिडायचं काही कारण नव्हतं. यातलं जवळजवळ प्रत्येक वाक्य शेजारच्या खोलीत बसणाऱ्या माणसाला ऐकवायचं होतं. तो रोज तिथेच असतो, दारही उघडं असतं. मी दारातून डोकावते आणि विचारते, "सर, चहा सांगू का?"