साधनाची बदली

सांगवी,
ता. १५ नोव्हेंबर २०२५, शनिवार

अहो,

नमस्कार मागाहून करते. आधी हे सांगा, माझं नाव वापरायला तुम्हाला कोणी सांगितलं? नाव वापरलं ते वापरलं, वर फोटोपण माझाच लावला. तोसुद्धा तुमच्या भाच्याच्या लग्नातला, जांभळ्या साडीतला, ज्यात माझं अर्धं लक्ष पंगतीकडं आहे. लेखिका मंजुळा हिंदुराव म्हणे. चौथीतून शाळा सुटलेली बाई मी. आणि तिकडं पिंपळे सौदागरच्या बायका मला लेखिका म्हणून ओळखतात, आणि मला त्याचा पत्ताच नाही.

फोनवर बोलले असते, पण फोनवर तुम्ही नुसतं हं हं करता आणि मागं टीव्ही चालू असतो. लिहिलेलं तेवढं तुम्ही मन लावून वाचता हे आता कळलं आहे. म्हणून प्रीतमरावांचे ऑफिसचे कोरे कागद मागून घेतले. सोमवारी ते भोसरीवरूनच कामाला जाणार आहेत, त्यांच्या हाती पाकीट देते. चिकटवून देते. सासऱ्याची अब्रू जावयानं वाचायला नको.

खुशाली एकदाच सांगून टाकते. मोनिका बरी आहे, अंगावर दूध आहे. बाळ दिवसा झोपतं आणि रात्रपाळी करतं, तुमच्यावर गेलं आहे. नाक माझं आहे. तुम्ही वरणभात करून खाता की चिमाबाईंकडून डबा घेता ते कळवा. आपल्याकडं डबा लावलेली पोरं मी त्यांच्याकडं सोपवून आले, परत येतील तेव्हा खरी. चिमाबाईंच्या भाजीत तेल जास्त असतं, पोरांना ते आवडतं.

आता मुद्द्याचं. मोनिकाच्या ऑफिसातली उत्कर्षा म्हणून एक मुलगी बाळ बघायला आली. बाळाला तिनं एकदा बघितलं आणि माझ्याकडं बघतच राहिली. मग उठून पाया पडली. म्हणाली, काकू, साधना आणि जयदीपचं पुढं काय होणार तेवढं सांगा, आमच्या सोसायटीत कोणाचं कामात लक्ष नाही. मी म्हटलं, कोण साधना? ती हसली. लेखक लोक असंच करतात म्हणाली. मोनिका तिकडं बाळाचा लंगोट बदलत होती, तिनं मान वर केली नाही. तेव्हाच मला कळलं की हिला माहीत आहे.

ती गेल्यावर मोनिकाला फैलावर घेतलं. तिनंच तुमच्या फोनात ते गोष्टींचं अ‍ॅप घालून दिलं आणि तुम्ही तिला शपथ घातली, ही गोष्ट तिनं कबूल केली. म्हणाली, बाबांचं म्हणणं असं की बायकांच्या प्रेमाच्या गोष्टी पुरुषाच्या नावानं कोणी वाचत नाही, त्यात हिंदुराव नाव बघून बायकांना वाटेल तालमीतला वस्ताद बोलतोय. हे मात्र तुमचं खरं आहे. पण मग एखादं नाव बनवायचं होतं. जगात नावं संपली होती का?

तुमची गोष्ट मी काही मुद्दाम ऐकली नाही. त्या अ‍ॅपमध्ये एक बाई वाचून दाखवते, दुपारी बाळ झोपलं की मोनिका लावते, एकदोन भाग माझ्या कानावर पडले. तो जयदीप चाकणच्या कंपनीत फोर्कलिफ्ट चालवतो आणि तिथल्या दवाखान्याच्या खोलीतली साधना सिस्टर दिसावी म्हणून रोज काहीतरी दुखवून घेतो. एकदा बोटाला लाल शाई लावून जातो. एकदा लंगडत जातो, आत जाताना उजवा पाय आणि बाहेर येताना डावा. तिथं मोनिका एवढी हसली की टाके दुखले तिचे. मी हसले नाही. तोंडाला पदर लावला होता तो सर्दीमुळं.

आणि काय हो, हा जयदीप स्वतःचं ताट उचलून घासून ठेवतो. साधनाच्या खोलीवर गेला तर तिचंपण घासतो, वर ओटा पुसतो, फडकं पिळून वाळत घालतो. फडकं पिळून वाळत घालायचं असतं हे तुम्हाला ठाऊक आहे, ही मला नवीन बातमी आहे. तो तिला विचारतो, जेवलीस का, आणि ती काय म्हणते ते ऐकायला थांबतो. तुम्ही जेवण झालं का विचारता ते स्वयंपाक झाला का म्हणून.

सातव्या भागात पावसात कंपनीची बस चुकते आणि तो तिला हायवेच्या कडेला उभं राहून मक्याचं कणीस सोलून देतो, एकेक दाणा. तुम्ही मला कधी कणीस आणून दिलं? दिलं असेल तर अख्खं, पिशवीत, भाजायला.

सगळ्या वर्कशॉपना सुट्टी गुरुवारची. आठवड्यात तेवढा एक दिवस तुम्ही घरी. मी वर्षभर बघत होते, गुरुवारी जेवण झालं की गॅलरीत खुर्ची टाकायची, फोनात डोकं घालायचं आणि मधेच स्वतःशी हसायचं. मला वाटायचं गावाकडच्या मित्रांचे जोक वाचताय. शेजारणीला मी सांगायचेसुद्धा, आमच्या ह्यांना कसलं व्यसन नाही, गुरुवार घरातच असतो. घरात कुठला. तुम्ही साधनाकडं होता.

तुम्ही म्हणाल, कागदावरच्या बाईवर कोण जळतं. मी जळत नव्हते हो, चौथा भाग ऐकेपर्यंत. चौथ्या भागात ती त्याच्या बोटाला आयोडिन लावते आणि फुंकर मारते. हळूच, ओठ गोल करून, दोनदा. तिथं मी मोनिकाला म्हटलं फोन बंद कर.

तुम्ही विसरला असाल. नवीन लग्न झालं होतं आपलं, भोसरीच्या त्या पत्र्याच्या खोलीत राहत होतो. तुमचा अंगठा मशीनवर कापला होता आणि मी हळद दाबली. तुम्ही ओरडला आणि म्हणाला, आधीच्या कंपनीतल्या सिस्टर आधी फुंकर मारायच्या. एवढंच. नंतर कधी विषय नाही. मीपण काढला नाही. पण तेव्हापासून तुम्हाला कुठं लागलं, खरचटलं की मला ती दिसते. पांढऱ्या कपड्यातली, ओठ गोल केलेली. आणि म्हणून मी हळद जास्तच जोरात दाबते, आज सांगते. मोनिका म्हणते जखमेवर फुंकर मारू नये, जंतू जातात. एवढी शिकलेली नर्स तुमची.

आता जे मी केलं ते ऐका. बुधवारी उत्कर्षा रिक्षा घेऊन आली आणि मला पिंपळे सौदागरला त्यांच्या सोसायटीच्या हॉलमध्ये घेऊन गेली. जायला नको होतं. पण मोनिकाची चांगली साडी नेसून गेले. वीसपंचवीस बायका, खुर्च्या मांडलेल्या, समोसे, कागदी कपात चहा. मला मधे बसवलं, कुंकू लावलं आणि माझी ओटी भरली. खण, नारळ, तांदूळ, सगळं साग्रसंगीत. डोळ्यांत पाणी आलं माझ्या. त्यांना वाटलं मानानं आलं. ओटी माझी आणि मान त्या साधनाचा, म्हणून आलं होतं.

एकीनं विचारलं हे सगळं कसं सुचतं. मी म्हटलं, पोळ्या लाटताना. त्यांना ते फार आवडलं, लगेच लिहून घेतलं. दुसरी म्हणाली, हे बाईच लिहू शकते, पुरुषानं लिहिलं असतं तर साधनाचे केस आणि कंबर यातच चार भाग गेले असते. मी गप्प बसले. तुमची अब्रू राखली, ध्यानात ठेवा. अजून एक म्हणाली, तुमचे मिस्टर अगदी जयदीपसारखे असतील ना? मी म्हटलं, ते वर्कशॉपमध्ये असतात.

मग उत्कर्षानं विचारलं, काकू, लग्न होणार ना दोघांचं?

मी म्हटलं, "नाही. साधनाची बदली होते. नागपूरला. कायमची."

"आणि जयदीप?"

"जयदीप दुसऱ्या दिवशी कामाला जातो. नाहीतर काय करणार?"

एकीच्या हातातला समोसा तसाच राहिला. उत्कर्षाचे डोळे भरले. आणि मला, खोटं कशाला सांगू, मला बरं वाटलं. दोन समोसे खाल्ले मी त्यानंतर. परवापासून तुमच्या फोनवर बायकांच्या शिव्याशापांचा पाऊस पडत असेल आणि तुम्ही डोकं धरून बसला असाल की हे नागपूर आलं कुठून. ते मी आणलं.

निघताना लिफ्टपाशी कौशल्याबाई म्हणून एकजण भेटल्या. सत्तरीच्या असतील, मुलाकडं राहतात. माझा हात धरून म्हणाल्या, गोष्ट तुमची आहे, तुम्ही म्हणाल तसं होणार. पण मी दर शुक्रवारी नव्या भागाची वाट बघते. मला काय दुखतंय ते आयुष्यात कोणी विचारलं नाही, तो मुलगा तिला विचारतो ते ऐकून बरं वाटतं.

माझ्या तोंडून निघून गेलं, "मलापण नाही विचारलं."

त्या माझ्याकडं बघत राहिल्या. म्हणाल्या, "मग हे लिहिताना तुम्हाला किती सोसावं लागत असेल."

रिक्षातून उतरल्याबरोबर मी मोनिकाकडं तिचा फोन मागितला.

अहो, मी सगळे भाग ऐकले. पहिल्यापासून. काही दोनदा. तुम्हाला हे सगळं येतं, याचाच राग आहे मला. येत नाही असं समजून मी इतकी वर्षं काढली. म्हणायचे, गडी माणूस, दिवसभर लोखंडात असतो, त्याला कुठून गोड बोलता येणार. मनाला पटवलं होतं. आणि आता कळतं की येत होतं, फक्त माझ्याशी नाही.

त्या सिस्टरचं नाव गाव मला सांगू नका. ती आता माझ्यासारखीच झाली असेल, तिचेपण गुडघे दुखत असतील. अजून आठवते का, तेवढं सांगा.

आणि बदली करायचीच. मी चारचौघींत शब्द दिला आहे. साधनाला चांगला पगार वाढवून पाठवा, तिचं माझं भांडण नाही. पण ती गेल्यावर जयदीपच्या गोष्टीत दुसरी बाई आणा. जाड, सावळी. आवाज असा की दोन गल्ल्या पलीकडं जावा. जिला लाडात बोलता येत नाही, जी दार आपटते, जी त्याच्या सॉक्सवरून रोज सकाळी कटकट करते आणि तो कामावर निघाला की वळणापर्यंत त्याच्या गाडीकडं बघत उभी राहते, हे त्याला कधी कळलेलं नाही. अशा बाईवर जयदीपचा जीव बसलेला लिहा. मारूनमुटकून नको, दया म्हणून नको, बायकांनी ऐकताना उसासे टाकले पाहिजेत. तुम्हाला जमतं का ते मला बघायचं आहे. नाही जमलं तर नाही जमलं म्हणा, मी ते ऐकून घेईन, पण मग माझं नाव आणि फोटो त्या गोष्टीवरून काढा.

येत्या गुरुवारी, वीस तारखेला, लिहून घेऊन सांगवीला या. मोनिकाला आणि बाळाला मी आतल्या खोलीत पाठवते. त्या अ‍ॅपमधल्या बाईच्या आवाजात नको, तुमच्या तोंडानं मला वाचून दाखवा. दिवे लागेपर्यंत वाट बघीन. आला नाहीत तर शुक्रवारी सकाळी उत्कर्षाला फोन करून लेखक कोण ते सांगते, आणि बाळाची शेक-शेगडी संपली तरी भोसरीला कधी यायचं ते माझं मी ठरवते.

नमस्कार.

तुमची आहे की नाही ते गुरुवारी तुम्ही सांगायचं,
मंजुळा