एकदाच कापता येणारे केस

६ मार्च
सिनेमा बुडाला! भाची सलूनमधून रडतच आली. कॉलेजचा शेवटचा सिनेमा, पंधरा तारखेला द्यायचा. नाही दिला तर वर्ष वाया. गोष्ट अशी — लांब केसांचा मुलगा नोकरीसाठी टक्कल करतो. तिच्या वर्गातल्या नायकाने त्यासाठी वर्षभर केस वाढवले. आज कापले. आणि कॅमेऱ्यामागच्या चष्मिष्टाने खात्री म्हणून बटण दोनदा दाबलं! एकदा चालू, एकदा बंद.

नायक तुळतुळीत डोकं घेऊन आमच्या सोफ्यावर बसला होता. मी रागवायलाच बाहेर आले होते, पण हसू आवरेना.

७ मार्च
सलूनवाल्याने हात जोडले म्हणे. "सकाळभर गिऱ्हाईक परत गेलं, वर आरसा फोडलात. आता साध्या दाढीलाही येऊ नका!"

विग आणून पाहिला. नायक भुतासारखा दिसतो.

९ मार्च
रडारड पुरे, म्हटलं. गोष्ट बदला. भाची टक लावून बघत राहिली — माझ्या वेणीकडे.

"मावशी —"

"नाही."

"अगं, ऐकून तरी घे —"

"नाही म्हणजे नाही!"

१० मार्च
हो म्हटलं. पोरीचं वर्ष जाण्यापेक्षा वेणी गेलेली बरी. सलून नको, आमची गॅलरी चालेल. नवी गोष्ट: बायको म्हणते कापा, नवरा कापतो. नवरा म्हणून हेच. फुकटात आहेत!

१२ मार्च
चष्मिष्टाला ताकीद दिली — बटण एकदाच! हे माझ्या खुर्चीमागे कात्री घेऊन उभे. आणि कापेनातच.

"कापा ना!"

"लग्नाला होकार दिला तो हिच्यामुळे," हे वेणी हातात धरून म्हणाले. "तू पाठमोरी होतीस. तोंड नंतर पाहिलं."

इतक्या वर्षांत वेणीबद्दल एक अक्षर नाही, आणि आज चार पोरांसमोर! वळून बघते तर कात्रीच्याच हाताने डोळे पुसतायत.

"अहो, डोळा फुटेल!" मी ओरडले.

कॅमेरा चालूच, भाची थांबा म्हणेचना. मग म्हणाली, "मावशी, कापायचंच नाही. हाच शेवट." टकल्या नायकाने शिट्टी मारली. दटावलं. पण हळूच.

१५ मार्च
सिनेमा दिला. वर्ष वाचलं! सरांनी पुन्हा लावायला सांगितला म्हणे. भाचीने मला उचलून गोल फिरवलं. या वयात!

१६ मार्च
सकाळी जाऊन केस कापून आले. मानेपर्यंत. डोक्यात बसलेली कल्पना निघेना, त्याला काय करणार! मान कशी हलकी झाली आहे.

यांनी पुढून पाहिलं, मागून पाहिलं. म्हणाले, "छान दिसतेस. इतकी वर्षं का नाही कापलेस?"