उंट, बेट, डोंगर आणि आई

४ जानेवारी
नव्या वर्षाचा संकल्प चार दिवस उशिरा लिहितो आहे. घाईत लिहिलेल्या संकल्पात शुद्धलेखनाच्या चुका राहतात.
संकल्प: या वर्षी पडद्यावर नाव. ‘सांस्कृतिक सल्लागार’, आणि त्यापुढे मी. आमच्या स्टुडिओत असं पद नाही. म्हणजे स्पर्धाही नाही.
सध्याचं पद: परदेशी कार्टूनपटांना इथे आपल्या भाषेत आवाज देतात, त्या संवादांचे कागद तपासणं. शिक्षण बारावी, त्यातही इंग्रजी राहिलेलं. पण माझ्या हाताखालून गेलेल्या कागदात ऱ्हस्वदीर्घाची एक चूक दाखवावी कुणीही. कुणी बघतच नाही, ही गोष्ट वेगळी.

९ जानेवारी
गाण्यांच्या कार्टूनपटांचा तुलनात्मक अभ्यास सुरू. विषय: हे लोक दुसऱ्यांची संस्कृती कशी दाखवतात. स्टुडिओतल्या जुन्या कॉप्या आणि सध्या हातात असलेला, असे मिळून चार. सोयीसाठी नावं: उंट, बेट, नदी आणि सध्याचा डोंगर.
निरीक्षणं. उंटवाल्यांचं आकाश कायम केशरी, त्यांच्याकडे सकाळ होतच नसावी. बाजारात फळांची टोपली उधळल्याशिवाय गाणं सुरू होत नाही. बेटावर ढोल, डोंगरात बासरी. डोंगरात ढोल वाजवायला बहुधा बंदी आहे. नदीकाठचे लोक कामाच्या दिवशीही लग्नाचे कपडे घालून मासे पकडतात.
चारही ठिकाणी मुलीला घराबाहेर जायचं असतं आणि ती तसं गाऊन सांगते. मागे गुरं कोण बघणार, हे एकानेही विचारलेलं नाही.

१५ जानेवारी
मुख्य शोध आज लागला. दुपारी डबा खाताना.
चारही सिनेमांत राजा शुद्ध बोलतो. राजकन्या शुद्ध बोलते. तिचा घोडासुद्धा शुद्ध बोलतो. पण गावकरी, नोकर आणि येडा आला, की भाषेला हेल येतो आणि लोक हसतात. परक्यांनी एकदा अपमान केला, आपण त्याचं भाषांतर करून दुसऱ्यांदा करतो.
आणि स्टुडिओ हेल कुठला वापरतो? आमच्याकडचा. मला पहिल्या वाक्यात कळतं. मला कळतं, हे इथे कुणाला कळू दिलेलं नाही.

१६ जानेवारी
आईचा फोन, ऐन कामाच्या वेळी. सगळे आजूबाजूला, म्हणून नीट बोललो. ती म्हणाली, असा काय बोलतोस, साहेब शेजारी बसलेत का? मग फोन घेऊन लहान रेकॉर्डिंगच्या खोलीत गेलो. तिथला आवाज बाहेर जात नाही, खोली बांधलीच त्यासाठी आहे. आत दार लावून आमच्यासारखं बोललो. कंबर दुखते म्हणाली. जेवलीस का विचारलं. शेळीला खोकला झालाय म्हणाली. शेळी जेवली का, तेही विचारलं.
पडद्यावर नाव येणार, हे सांगून टाकलं. सल्लागार म्हणजे काय करायचं असतं, विचारत होती. म्हटलं, लोक मला विचारतात, मी सांगतो.
‘आणि मग ऐकतात?’ म्हणाली.
आईला शहरातलं काम समजत नाही.

२ फेब्रुवारी
अहवाल पूर्ण. चार पानं, समास सोडून. शिफारस: ‘डोंगर’मधल्या येड्या मेंढपाळाला हेल देऊ नये. डबिंगच्या मॅडमच्या हातात स्वतः दिला. ‘ठेव तिथे,’ म्हणाल्या.
‘घेऊन जा’ म्हणाल्या नाहीत, हे महत्त्वाचं.

८ फेब्रुवारी
उत्तर नाही. चार पानं वाचायला वेळ लागतोच. आवाज रेकॉर्ड करणारा कानसेन (त्याला सगळे हेच म्हणतात, कानांवरचे हेडफोन जेवतानाही काढत नाही) हल्ली माझ्याकडे बघून हसतो. मत्सर असावा. अशा माणसांशी जेवढ्यास तेवढं ठेवावं.

११ फेब्रुवारी, सकाळी
मॅडमनी बारा वाजता बोलावलंय. शर्टाला इस्त्री केली. अहवालाची दुसरी प्रत जवळ ठेवली, त्यांनी काही मुद्दा काढला तर.

त्याच दिवशी, दुपारी
नीट लिहून काढतो, म्हणजे डोकं शांत होईल.
येड्या मेंढपाळासाठी तीन नट येऊन गेले. मॅडमच्या मते तिघेही अभिनय करत होते. मग कानसेनने त्यांना काहीतरी ऐकवलं. ते मी होतो. सोळा जानेवारीचा. लहान खोलीतला माईक चालू राहिला होता. कंबर, खोकला, शेळी, सगळं. त्यांनी मलाही ऐकवलं. बाहेर चहा घेऊन आलेला माणूस थांबून हसला.
मॅडम म्हणाल्या, ‘असंच बोलायचं. वेगळं काही करू नकोस.’
मी अहवालातली शिफारस तोंडी मांडली. येड्याला असा हेल देऊ नये.
‘मग कुणाला द्यायचा? राजाला?’
सगळे हसले. मीही हसलो, एकटाच गंभीर राहिलो तर वाईट दिसतं.
होकार दिला. विचारपूर्वक. बाहेरून ओरडण्यापेक्षा आत शिरून सुधारणा करणं कधीही चांगलं. शिवाय आत शिरलेल्याचं नाव आपोआप लागतं.

१९ फेब्रुवारी
रेकॉर्डिंग. डोंगरावर वादळ येतं, सगळे पळतात, येडा एकटा शेळीसमोर बसून तिला विचारतो, जेवलीस का गं? हा त्याचा मोठा प्रसंग. मग वारा त्याला पाण्याच्या हौदात टाकतो.
काही केल्या जमेना. मॅडम काचेपलीकडून पुन्हा पुन्हा सांगत होत्या, फार शुद्ध होतंय. आयुष्यात पहिल्यांदा ही माझी चूक ठरली.
माईकसमोरचं नेहमी डुगडुगणारं स्टूल मात्र आज हलत नव्हतं. खाली वाकून पाहिलं. एका पायाखाली घडी घातलेला कागद. अहवाल, पान दुसरं. उपयोगात आला, असंही म्हणता येईल.
शेवटी मॅडमनी सुचवलं, आईला फोन लाव, सूर मिळेल. लावला. आई खूश झाली, कामाच्या वेळी स्वतःहून फोन केला म्हणून. बराच वेळ बोलत होती. आमच्या घरची सगळी वाक्यं ती एका दमात बोलते. मी मान हलवत होतो, ऐकत होतो, आणि तिचा सूर पकडत होतो.
या वेळी माईक चालू आहे, हे मला माहीत होतं.
फोन ठेवल्यावर पहिल्याच टेकला जमलं.

६ मार्च
शेवटच्या नामावलीचा कागद तपासायला माझ्याकडेच आला. सांस्कृतिक सल्लागार: नाही. येडा मेंढपाळ: ‘इतर आवाज’ या यादीत माझं नाव, बरंच खाली.
कागद माझ्या हातात होता, पेनही होतं. एक ओळ वाढवली असती तर कुणी बघितलं नसतं. पण मंजूर नसलेला मजकूर घालणं चूक. ‘दिग्दर्शक’मधली वेलांटी दीर्घ पडली होती, ती ऱ्हस्व केली आणि कागद परत दिला.
आईचं तिकीट काढून झालं आहे. सल्लागार म्हणून नाव मॅडम आयत्या वेळी घालतील. अशा गोष्टी तोंडी ठरतात.

२१ मार्च
आई आली. शहरात यायचं म्हणून नवी चप्पल, ती पायाला लागलेली. थिएटरात मधल्या रांगेत बसलो. येड्याचा आवाज कुणाचा, ते सांगितलं नव्हतं. म्हटलं, शेवटी नावं येतात तेव्हा नीट बघ.
आपलं काम लोकांत बसून बघताना तटस्थ राहावं लागतं. राहिलो. केशरी नाही, पण आकाश फार जांभळं आहे. बासरी अपेक्षेप्रमाणे.
मग वादळ आलं, आणि येडा शेळीला म्हणाला, जेवलीस का गं? अख्खं थिएटर हसलं. पुढच्या रांगेतली पोरं लगेच तसाच हेल काढून एकमेकांना विचारायला लागली, जेवलीस का, जेवलीस का. हौदात पडला तेव्हा टाळ्या पडल्या. मी आईकडे बघितलं नाही. अंधार असल्यामुळे दिसलंही नसतं.
नावं सुरू झाली तशी लोकांनी उठून वाट अडवली. माझ्या नावाच्या वेळी समोर एक जाड माणूस स्वेटर चढवत होता. आईला वाचायला वेळ लागतो, तो मिळाला नाही.
बाहेर फुटपाथवर तिने चप्पल काढून हातात घेतली. म्हणाली, ‘शेळीला जेवलीस का म्हणालास. त्यात एवढं हसण्यासारखं काय होतं?’
याचं उत्तर अहवालात आहे. दुसऱ्या पानावर. म्हटलं, सिनेमा आहे, हसतात लोक.
‘मी पण तसंच बोलते ना,’ म्हणाली.
बस येईपर्यंत फुटपाथच्या कडेला बसून राहिली. पाय दुखत असावेत.

३० मार्च
नऊ दिवसांत आईचा फोन नाही. शेतीची कामं असतील.
मॅडमनी अभिनंदन केलं. त्यांना येड्याचं काम आवडलं म्हणजे अप्रत्यक्षपणे अहवाल पटला.

५ एप्रिल
आईचा फोन. काहीतरी बिघडलंय. फोन बिघडलेला असू शकतो.
ती म्हणाली, ‘तू जेवलास का?’ एक एक शब्द सुटा. हेल नाही. मी विचारलं, बरं नाही का तुला. ती म्हणाली, ‘मी ठीक आहे. तुझं काम कसं चाललं आहे?’ कुठे शिकली, कुणास ठाऊक. बहुधा टीव्ही लावून. शेळीचं विचारलं, तर ‘ती बरी आहे’ एवढंच.
कितीदा तिला सांगितलं होतं, लोकांत माझ्याशी नीट बोलत जा. आज बोलली. एक चूक सापडली नाही.
लहान खोलीत होतो. माईक बंद आहे ना, ते दोनदा बघितलं होतं.
पुढचा सिनेमा ‘नदी’चा दुसरा भाग. त्यात गाढव आहे, चांगली मोठी भूमिका आहे. मॅडम म्हणाल्या, आवाज तोच हवा, आईशी बोलतोस तसा. होकार दिला आहे. आता सराव कुणाशी करायचा, ते बघावं लागेल.